दिल्लीतला एक पेला आणि परतीचा रस्ता

सहलीच्या संध्याकाळी कॉकटेल किंवा बिअरची मजा जरूर घ्या. पण राजधानी परिसरात मैलामैलावर बदलणारा कायदा, पेल्यातले मोजमाप आणि घरी परतायची सोय, या तीन गोष्टी आधी समजून घ्या.

एकेकाळी सहकुटुंब दिल्ली पाहणे म्हणजे लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, जमल्यास आग्रा आणि येताना पेठ्याचा डबा. संध्याकाळी खोलीवर परतून डाळ-रोटी खाल्ली की दिवस संपला. आता चित्र बदलले आहे. नवरा-बायको, मित्रमैत्रिणी, कधी नोकरी करणारी मुले आणि त्यांचे आईवडीलही दिवसभराच्या पायपिटीनंतर एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये निवांत बसतात. कुणी लिंबूसरबत मागवतो, कुणी थंडगार बिअर, कुणी कॉकटेल. यात आता कुणाच्या भुवया उंचावत नाहीत आणि उंचावण्याचे कारणही नाही.

मात्र आपल्या घरांत या विषयावर दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर ‘शी, तो विषयच नको’ किंवा मग हसण्यावारी. त्यामुळे जी माहिती असायला हवी, ती नेमकी राहून जाते.

एक शहर, तीन कायदे

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद हे पाहुण्याला एकच मोठे शहर वाटते. मद्याच्या बाबतीत मात्र ती तीन राज्ये आहेत. दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्यात मद्य मिळण्याचे किमान वय २५ ठेवले आहे. ते २१ करण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली होती, पण कायद्यातली अट त्यानंतर बदलली नाही. शेजारच्या हरियाणाने मात्र २०२२ पासून हे वय २५ वरून २१ वर आणले. उत्तर प्रदेशातही ते २१ च आहे.

याचा अर्थ काय? मेट्रोच्या यलो लाइनवर अर्जनगढ हे दिल्लीतले शेवटचे स्टेशन. पुढचे गुरु द्रोणाचार्य स्टेशन हरियाणात. तेवीस वर्षांची, स्वतः कमावणारी मुलगी एका स्टेशनच्या अंतराने कायद्याच्या नजरेत लहानाची मोठी होते! मतदान करता येते, लग्न करता येते, पण कॅनॉट प्लेसमध्ये बिअर मागवता येत नाही. गुरुग्राममध्ये येते. साहजिकच तरुण मंडळी सीमा ओलांडतात. गुरुग्रामच्या सायबर हबमध्ये किंवा नोएडाच्या मॉलमध्ये शनिवारी जी गर्दी दिसते, तिच्यात दिल्लीहून आलेलेही बरेच असतात. जाताना काही प्रश्न नसतो. खरा धोका असतो तो परत येताना.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवेल. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी २१, तर कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. दिल्लीत असा वैयक्तिक परवाना लागत नाही, पण बिअर असो की व्हिस्की, वय एकच. ओळखपत्र जवळ ठेवा. ते मागितले तर राग मानू नका. वेटर आपले काम करत असतो.

काय घ्यावे, कुठे बसावे?

जुन्या दिल्लीकरांच्या आठवणीतली जागा म्हणजे कॅनॉट प्लेसचे युनायटेड कॉफी हाउस. १९४२ पासून चालत आलेल्या या उपाहारगृहात उंच छत, झुंबरे आणि निवांतपणा आहे. आजी-आजोबांसह जाण्यासारखी ही जागा. जनपथवरच्या इम्पीरियल हॉटेलातल्या बारचे नाव आहे ‘१९११’. दिल्ली राजधानी होणार, अशी घोषणा दरबारात झाली ते हे वर्ष. ग्रेटर कैलाश-२ मधला साइडकार हा बार आशियातल्या पन्नास उत्तम बारच्या यादीत झळकला आहे. कॉकटेल ही केवळ दारूत सरबत ओतण्याची गोष्ट नाही, तर स्वयंपाकासारखीच प्रमाणाची आणि हाताच्या सवयीची कला आहे, हे अशा ठिकाणी कळते.

ताजी बिअर चाखायची असेल तर गुरुग्राम गाठावे. तिथल्या अनेक ठिकाणी बिअर तिथेच, काचेपलीकडच्या तांब्या-पोलादाच्या टाक्यांत बनते. बार्लीचे माल्ट, हॉप्स नावाची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी, एवढाच मसाला. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टमुळे. त्यात केळे घातलेले नसते. पुणेकरांना हा प्रकार नवा नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून ही चव आपल्याकडेही रुळली.

आणि गाझियाबाद? तिथले मोहननगर म्हणजे ओल्ड मंक रमचे घर. १९५४ मध्ये आलेली ही रम मोठ्या जाहिरातींशिवाय, लष्करी कँटीन आणि तोंडी स्तुतीच्या बळावर देशभर पोचली. ती नावारूपाला आणणारे कपिल मोहन स्वतः मद्य घेत नसत, असे सांगितले जाते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. रमचे साम्राज्य उभारूनही पेल्यापासून दूर राहता येते, हे न पिणाऱ्यांनी टोमणे मारणाऱ्यांना जरूर सांगावे!

पेल्यातले गणित

‘मी काय, फक्त बिअर घेतली’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. जरा हिशेब करू या. छोटा पेग म्हणजे ३० मिलिलिटर. व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे एका छोट्या पेगमध्ये सुमारे १३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ८ टक्क्यांची असेल, तर तिच्यात ५२ मिलिलिटर अल्कोहोल असते. म्हणजे बिअरची एक मोठी बाटली बरोबर चार छोटे पेग! सौम्य, ५ टक्क्यांची बाटली असली तरी अडीच पेग झालेच.

कॉकटेल तर त्याहून फसवे. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये चहाचा थेंबही नसतो. व्होडका, जिन, रम, टकिला आणि संत्र्याचे लिकर, प्रत्येकी १५ मिलिलिटर, वर लिंबूरस आणि कोला. रंग चहाचा, चव सरबताची, आणि पोटात गेलेली दारू अडीच पेगांच्या आसपास. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने वेटरला सरळ विचारावे, ‘यात किती मद्य आहे?’ विचारण्यात कमीपणा नाही.

यकृत साधारण तासाला एक छोटा पेग या गतीने अल्कोहोल पचवते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. रात्री अकरापर्यंत दोन स्ट्राँग बिअर घेणारा सकाळी सहा वाजता स्वतः गाडी चालवत यमुना एक्स्प्रेस वेने आग्र्याला निघाला, तर अल्कोहोल अजून त्याच्या रक्तात असू शकते. झोप झाली म्हणजे उतरली, असे नव्हे.

चाक हाती घेण्याआधी

रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर वाहन चालवणे गुन्हा आहे. दोन छोट्या पेगांनीही अनेकजण ही मर्यादा ओलांडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

महामार्गावरच्या अपघातांची चिंता सर्वोच्च न्यायालयालाही वाटली होती. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली. १ एप्रिल २०१७ पासून तिचा फटका महामार्गालगतच्या सायबर हबलाही बसला. पुढे जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीतल्या रस्त्यांना त्यातून मोकळीक मिळाली. बार पुन्हा उघडले. पण ज्या कारणाने ती बंदी आली, ते कारण काही संपले नाही.

म्हणून पहिला पेला मागवण्याआधी परतीची सोय ठरवा. मेट्रो असेल तर शेवटच्या गाडीची वेळ पाहा. टॅक्सी असेल तर ती सीमेपलीकडे येते का, विचारा. स्वतःची गाडी असेल तर त्या रात्री न पिणारा एकजण आधीच नेमा. दिल्लीत रस्त्याकडेला उभ्या गाडीत बसून पिण्याला गमतीने ‘कार-ओ-बार’ म्हणतात. गंमत नावातच आहे. सार्वजनिक जागी पिणे दिल्लीत दंडनीय आहे.

बारपलीकडची मुलगी

२९ एप्रिल १९९९ च्या रात्री मेहरौलीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये पार्टी चालू होती. मद्य देणे बंद झाल्यावर एका तरुणाने पेला मागितला. जेसिका लाल हिने नकार दिला आणि तिला गोळी घालण्यात आली. आरोपी आधी सुटला. जनक्षोभानंतर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनू शर्माला दोषी ठरवले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

याच दिल्लीत मद्य दिल्या जाणाऱ्या जागी स्त्रियांना नोकरी करायला १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याने मनाई होती. स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी तिची नोकरी काढून घेणे योग्य नाही, अशी भूमिका घेत डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्दबातल ठरवली. आज बारपलीकडे उभी राहून कॉकटेल बनवणारी मुलगी तिच्या हक्काने तिथे उभी आहे. ती ‘आता पुरे’ म्हणाली तर ते ऐकणे, ही पाहुण्याची सभ्यता आहे.

जाण्यापूर्वी एवढे पाहा

• २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस. संचलन पाहायला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडे असतात.
• बिलात जेवणावर जीएसटी आणि मद्यावर राज्याचा कर वेगवेगळा लागतो. सेवाशुल्क मात्र सक्तीचे नाही. २०२२ च्या केंद्रीय निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दुजोरा दिला. आग्रह झाल्यास १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते.
• बाटली घेऊन राज्याची सीमा ओलांडू नका. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत.
• उपाशीपोटी पिऊ नका, दोन पेल्यांमध्ये पाणी प्या आणि आपला पेला टेबलावर सोडून उठू नका. अडचणीत ११२ क्रमांक लावा.
• गर्भवती, औषधे चालू असलेले आणि ज्यांना नको आहे ते सगळे, यांना आग्रह करू नका. पंगतीत वाढताना आग्रह शोभतो, पेला भरताना नाही.

शेवटी आईवडिलांसाठी. नाशिक-सोलापूरची कितीतरी मुले आज गुरुग्राम-नोएडात नोकरी करतात. शनिवारी रात्री फोन केल्यावर ‘तू पीत तर नाहीस ना?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते आणि ते खरे असेलच असे नाही. त्याऐवजी ‘परत कसा येणार आहेस? कोण चालवणार आहे?’ असे विचारा. या प्रश्नाला खोटे उत्तर द्यावेसे वाटत नाही. आणि कधी रात्री एकला मुलीचा फोन आला, ‘आई, गाडी चालवणारा प्यायलाय, मी काय करू?’, तर त्या क्षणी रागावू नका. तिला उजेडाच्या, वर्दळीच्या जागी थांबायला सांगा, टॅक्सी करून द्या आणि ती घरी पोचेपर्यंत फोनवर बोलत राहा. बाकीचे बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतानाही होईल.