दातांची तार : बसवण्याआधी आणि काढल्यानंतर



वस्तीत तपासणीसाठी फिरताना आयाबाया हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, पोरीचे दात पुढे आलेत, तार लावायची का?" कुणाला मुलीच्या लग्नाची काळजी असते, कुणाच्या मुलाला शाळेत चिडवतात. चिडवणाऱ्यांची तोंडं बंद करण्यासाठी एवढा खर्च करू नका. पण घास नीट चावता येत नसेल, खालचे दात वरच्या टाळूला लागत असतील, ओठ मिटत नसतील, दात एकमेकांवर चढल्यामुळे ब्रश पोहोचत नसेल, तर तो आरोग्याचा प्रश्न आहे. फार पुढे आलेले दात पडण्या-झडण्यात लवकर तुटतात, हेही लक्षात ठेवा.

दात वाकडे का होतात?

काही अंशी ते घराण्यातून येतं. जबडा लहान आणि दात मोठे असले की गर्दी होते. बाकीची कारणं आपल्या हातातली आहेत. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणं, सतत तोंडाने श्वास घेणं, आणि दुधाचा दात किडून वेळेआधी पडणं. "दुधाचाच दात, पडणारच आहे" असं आपण म्हणतो. पण तो दात पुढच्या पक्क्या दाताची जागा राखून असतो. तो गेला की शेजारचे दात त्या जागेत सरकतात.

मूल ७ वर्षांचं झालं की एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. तार बहुतेक वेळा १० ते १४ या वयात बसवतात. मोठ्या माणसांनाही बसवता येते, फक्त हिरड्या आणि हाड निरोगी हवं.

तार काय करते?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते. तारेने हलका दाब दिला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. असा दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणून उपचाराला दीड ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. जोर लावून काम लवकर होत नाही, उलट मुळांना इजा होते.

कुठे जायचं, काय विचारायचं?

तार बसवण्याचं शिक्षण वेगळं असतं. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. फूटपाथवर किंवा गाळ्यात बसून "दोन महिन्यांत दात सरळ" म्हणणाऱ्याकडे पोराला नेऊ नका. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कारण नाही.

पनवेलकरांना एक सोय आहे. कामोठ्यात एमजीएम, खारघरला वाय.एम.टी., खारघर स्टेशनजवळ भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दंत महाविद्यालयं लोकलच्या अंतरावर आहेत. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एमडीएस शिकणारे डॉक्टर त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली तार बसवतात आणि खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी येतो. मात्र रांग असते, अर्धा दिवस जातो.

सुरू करण्याआधी हे विचारून कागदावर लिहून घ्या :
- एकूण खर्च किती आणि हप्ते कसे?
- एक्स-रे, तुटलेली पट्टी आणि शेवटचा रिटेनर त्यात धरला आहे का?
- जागा करण्यासाठी चांगले दात काढावे लागतील का?
- किती आठवड्यांनी यायचं?

किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या यांचा इलाज तार बसवण्याआधी झाला पाहिजे.

तार असताना

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. मऊ भात, वरण, खिचडी, पेज द्या. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा. दुखणं जास्त असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. तारेचं टोक गालाला टोचत असेल तर डॉक्टर मेण देतात, ते लावा आणि दवाखान्यात जा. घरी पकडीने तार कापू नका, तुकडा घशात जाऊ शकतो.

चिक्की, फुटाणे, ऊस, बर्फ, सुपारी, मटणाची हाडं आणि चिकट चॉकलेट बंद. पेरू, सफरचंद, गाजर फोडी करून दाढेने खायचं. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, फ्लोराइडच्या पेस्टने. मिश्री लावू नका. तिच्यात तंबाखू असतो, दात त्याने साफ होत नाहीत.

मध्येच सोडलं तर

आमच्या भागात एका मुलीच्या वडिलांचं तळोजा एमआयडीसीतलं कंत्राटी काम सुटलं. पैसे नाहीत म्हणून दवाखाना बंद झाला, तार मात्र वर्षभर तोंडात तशीच राहिली. पट्ट्यांभोवती अन्न साचून दातांवर पांढरे डाग पडले, दोन दात किडले. पैसे संपले तरी डॉक्टरांना जाऊन सांगा. हप्ते लांबवता येतात, नाही जमलं तर तार सुरक्षित काढून घेता येते. लाजून घरी बसल्याने दात गेले, पैसेही गेले.

तार निघाल्यावर रिटेनर

सर्वांत जास्त हलगर्जीपणा इथे होतो. नवं हाड घट्ट व्हायला महिने लागतात आणि हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात. रिटेनर त्याला तिथेच धरून ठेवतो. तो दोन प्रकारचा असतो : काढता-घालता येणारा, आणि दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. काढता येणारा सुरुवातीचे काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र घालायचा, मग डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री. ही रात्रीची सवय अनेक वर्षं ठेवावी लागते.

तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्यात प्लास्टिक वाकडं होतं. जेवताना कागदात गुंडाळून ठेवला की तो खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून डबीतच ठेवा. कुत्रा चावतो, लहान भावंडं खेळायला घेतात, तेव्हा डबी उंचावर. हरवला किंवा घट्ट लागू लागला तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणता म्हणता दात सरकतात आणि नवा रिटेनरही बसत नाही.

घरात कुणाची तार निघाली असेल तर आज रात्री एवढंच विचारा : रिटेनर कुठे आहे? डबीत असेल तर तोंडात घालायला सांगा.