केसाएवढी नळी

वारासिवनीची थंडी फार दिवस टिकत नाही. परंतु धान खळ्यावरून घरी आल्यानंतरच्या दिवसांत, पहाटेच्या धुक्यात न्हाणीघराकडे जाताना अंगावर जो शहारा येतो, तो घालविण्यासाठी सातपुड्याच्या जंगलातून डोईवरून आलेल्या किती मोळ्या आमच्या तांब्याच्या बंबांनी आणि अंगणातल्या चुलींनी आजवर गिळल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ती रुखरुख मनात असल्यामुळेच, संपादकांनी उष्णता-पंपावर लिहिण्यास सुचविले तेव्हा असे पंप वापरणारी मोठ्या शहरांतील हॉटेले सोडून मी आमच्या बाजारातील एका फ्रिज-दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरली.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झालेल्या विल्यम थॉमसन यांनी 1852 साली त्याची कल्पना मांडली. कोळशाला पारख्या असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या नगरसभागृहाला 1938 पासून लिम्मात नदीच्या गार पाण्यातील उष्णता ऊब देऊ लागली, आणि 1941 साली त्याच शहरातील बंदिस्त जलतरण तलावालाही उष्णता-पंपांचा आधार मिळाला. गार नदीने घर तापवावे, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. मलाही दुकानातल्या त्या मेकॅनिकने दाखवीपर्यंत तसेच वाटत होते.

“गुरुजी, या मागच्या जाळीवर हात ठेवून पाहा जी,” तो म्हणाला. “आतली गरमीच इथं बाहेर येऊन राहिली.” जाळी चांगली तापलेली होती. मग त्याने एका जुन्या फ्रिजमधून काढलेले तांब्याच्या बारीक नळीचे वेटोळे माझ्या तळहातावर ठेवले. दुकानात तिला ‘कॅपिलरी’ म्हणतात. लांबी दोन-तीन मीटर, पण आतले छिद्र एक मिलिमीटरदेखील नाही. उष्णता-पंपही फ्रिजसारखाच चालतो: कॉम्प्रेसरने दाबून तप्त केलेला वायू आपली उष्णता पाण्याला देऊन द्रवरूप होतो, आणि तो द्रव या अरुंद वाटेने पलीकडे गेला की त्याचा दाब एकाएकी उतरून तो इतका शीतल होतो, की पौषातली दहा अंशांची हवासुद्धा त्याला ऊन वाटते. तिच्यातली उष्णता घेत तो पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. मोठ्या पंपांत नळीच्या जागी झडप असते, काम तेच. वीज येथे केवळ हमालीचे काम करते, आणि हमाली स्वस्त पडते: शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर नेण्यास साध्या गीझरला साडेतीन युनिटे लागतात, तर हा पंप आमच्या हवेत तेच काम एक-सव्वा युनिटात करतो. त्या वेटोळ्याकडे मी किती वेळ पाहत राहिलो कोणास ठाऊक. ज्या धातूचे ते घडले, त्याची प्रचंड खाण मलाजखंड येथे, आमच्याच बालाघाट जिल्ह्यात आहे, हे आठवून मला विशेष आनंद झाला.

तलावांना हे यंत्र आणखी मानवते, कारण पोहण्याचे पाणी अठ्ठावीस अंशांपलीकडे नेण्याची गरज नसते. तरी पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद व दीड मीटर खोल तलाव एका अंशाने तापविण्यास सव्वाचारशेहून अधिक युनिटांइतकी उष्णता लागते, आणि रात्री तलावावर आच्छादन न घातल्यास तिचा मोठा हिस्सा बाष्पाबरोबर उडून जातो.

अडचणींचा विषय निघताच मेकॅनिकचा चेहरा गंभीर झाला. नळीत ओलाव्याचा एक कण शिरला की ती ‘चोक’ होते. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते आणि कॉम्प्रेसर जळतो. क्षारयुक्त पाण्याने कॉइलवर पुटे चढतात. किंमत गीझरच्या कितीतरी पट. त्याहून मोठी चिंता वायूची आहे: आर-134ए नावाचा प्रचलित वायू एक किलो गळाला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात कोंडली जाते. अशा वायूंना आवर घालणारा किगालीचा करार 2016 साली झाला आणि भारताने 2021 साली त्यास मान्यता दिली; पर्यायी प्रोपेन निरुपद्रवी खरा, पण ज्वालाग्राही, म्हणून हाताळणारा हात शिकलेला हवा. शिवाय आमच्या विणकरांना रेशमाचा डिंक काढण्यासाठी जे जवळजवळ उकळते पाणी लागते, ते साठ अंशांपाशी थांबणारे हे सामान्य यंत्र देऊ शकत नाही. आणि वीज कोळशाचीच राहिली, तर मोळी वाचली तरी धूर दुसऱ्या गावी निघतोच.

या शेवटच्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे. छपरावरच्या सौर पट्ट्या दुपारी सर्वाधिक वीज देतात, त्याच वेळी हवाही सर्वाधिक उष्ण असते. तेव्हाच पंप चालवून पाणी आवरणाच्या टाकीत साठविले, तर ते पहाटेपर्यंत स्नानायोग्य राहते. घरासाठी तीन किलोवॅटच्या पट्ट्यांना 2024 च्या सूर्यघर योजनेत अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. तरीही एकेकट्या घराने हा खर्च आज करावा, असा आग्रह मी धरणार नाही. जेथे शंभर मुली एकाच पहाटे थंड पाण्याने न्हातात, अशा वसतिगृहाची, किंवा प्रसूतिगृहाची, गरज आधीची आहे. जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे, की अशा इमारतीची तजवीज होईल तेव्हा पट्ट्या, पंप व टाकी यांच्याबरोबरच गावातल्या दोन मेकॅनिकांच्या शिक्षणाची रक्कमही मूळ अंदाजपत्रकातच मांडावी.