वॅक्सिंग झालं... पुढे काय?

पार्लरमधून बाहेर पडलो की काम संपलं, असं आपल्याला वाटतं. त्वचेचं काम मात्र तिथून सुरू होतं! हा धडा मी ज्या पद्धतीने शिकले, तसा तुम्हाला शिकावा लागू नये, म्हणून हा खटाटोप.

शुक्रवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी ऑफिसची पिकनिक. कर्जतजवळचं रिसॉर्ट, स्विमिंग पूल, रेन डान्स, सगळा जामानिमा. तेव्हा मी एका एजन्सीत कॉपी लिहायचे. सहाच्या ठोक्याला कॉम्प्युटर बंद केला आणि दादरच्या नेहमीच्या पार्लरमध्ये घुसले. फुल हँड्स, फुल लेग्ज, अंडरआर्म्स. तासाभरात काम फत्ते! निघताना पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "आज गरम पाणी घेऊ नको हं अंगावर, आणि उद्या..." पण तोवर माझा एक पाय सँडलमध्ये होता आणि लक्ष मोबाइलमध्ये.

त्यानंतरच्या चोवीस तासांत मी काय काय केलं? टाइट जीन्स चढवून खच्चून भरलेल्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंत घाम गाळत उभी राहिले. घरी येऊन कडकडीत पाण्याने आंघोळ. सकाळी काखेत डिओचे दोन सणसणीत फवारे. आणि मग दिवसभर क्लोरिनचं पाणी आणि डोक्यावर ऊन. थोडक्यात, जे जे करू नये ते सगळं, अगदी क्रमवारीने!

रविवारी रात्री मांड्यांवर लाल पुटकुळ्या उठल्या. सोमवारी त्यातल्या काहींची तोंडं पांढरी झाली. मीटिंगमध्ये क्लायंट बोलतोय आणि मी टेबलाखाली जीन्सवरून मांडी चोळतेय! विचारायचं कोणाला? आईला सांगितलं तर "कशाला करता ही थेरं" हे ठरलेलं. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरपलीकडे काका. मी पुटपुटले, "रॅश आलाय." त्यांनी एक ट्यूब पुढे सरकवली. ना कुठे आलाय हा प्रश्न, ना कशाने हा.

दोन दिवसांत लाली गायब. जादूच! पण ट्यूब बंद केली की पुटकुळ्या हजर. मग पुन्हा ट्यूब. असे पाच आठवडे गेले. अखेर एका मैत्रिणीने हाताला धरून डर्मेटॉलॉजिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी आधी पाय बघितला नाही, ट्यूब बघितली. स्टेरॉइड, सोबत अँटिफंगल आणि अँटिबायोटिक, असं तिहेरी मिश्रण होतं ते. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण त्याचबरोबर त्वचेची लढायची ताकदही कमी करतं. खूप दिवस लावलं तर त्वचा पातळ होते, स्ट्रेच मार्क्स येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नयेत, असा नियम केला. मला मात्र ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळाली होती.

पुटकुळ्या पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या. त्यांचे काळे डाग जायला आठ महिने लागले. मावसबहिणीच्या संगीतासाठी हौसेने घेतलेला गुडघ्यापर्यंतचा ड्रेस कपाटातच राहिला.

आत नेमकं होतं काय?

वॅक्स फक्त केस उपटत नाही. केसाबरोबर त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थरही थोडाफार निघतो. म्हणूनच हात इतके गुळगुळीत लागतात! पण तोच थर आपलं कवच असतो. शिवाय प्रत्येक केसाच्या जागी एक छोटं उघडं दार राहतं. लगेच येणारी लाली आणि बारीक पुरळ नॉर्मल आहे. एक-दोन दिवसांत ती आपोआप जाते. पण त्या उघड्या दारातून घाम, मळ आणि जंतू आत शिरले, की केसाच्या मुळाशी इन्फेक्शन होतं. यालाच फॉलिक्युलायटिस म्हणतात.

आणि काळे डाग? आपल्या भारतीय त्वचेत मेलॅनिन भरपूर. त्वचेला जखम झाली, सूज आली की ती जास्तीचं मेलॅनिन तयार करते. म्हणजे पुटकुळी आठवड्यात जाते, सही मात्र महिनोन् महिने ठेवून जाते. त्यात ऊन लागलं, तर डाग आणखी गडद.

पहिले दोन दिवस : काहीच न करण्याचा फंडा

थंड पाणी हा पहिला उपाय. फार आग होत असेल तर बर्फ रुमालात गुंडाळून टेकवा, थेट घासू नका. मग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, कोरफडीचं जेल किंवा आपलं जुनं गुलाबी कॅलमाइन लोशन. बस्स!

सुती, सैल कपडे घाला. जिम, स्विमिंग, स्टीम, कडक पाणी यांना दोन दिवस सुट्टी. काखेत वॅक्स केलं असेल तर किमान चोवीस तास डिओ नको. परफ्यूम आणि स्क्रबही नको. आणि हो, स्वयंपाकघरातले प्रयोग तर नकोच! लिंबू चोळून उन्हात गेलात तर नुसती आग होत नाही, त्वचा भाजल्यासारखे डाग पडू शकतात. बाहेर पडताना अंग झाका, उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा. तेही बिनवासाचं.

तिसऱ्या दिवसानंतर

आता दुसरी डोकेदुखी, इनग्रोन हेअर. नवा केस बाहेर येण्याऐवजी आतच वळतो आणि गाठ येते. त्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा मऊ कापडाने हलक्या हाताने त्वचा चोळा किंवा सॅलिसिलिक, लॅक्टिक अ‍ॅसिड असलेलं सौम्य लोशन लावा. रोज मॉइश्चरायझर हवंच. सुई किंवा प्लकरने केस उकरायचा मोह आवरा. मी आवरला नव्हता, दोन डाग त्याचेच आहेत.

पार्लरमध्ये तोंड उघडा!

अर्धी काळजी वॅक्सच्या आधीच घ्यायची असते. एकदा त्वचेवर फिरलेली सुरी परत डब्यात जातेय का, बघा. जात असेल तर सरळ हरकत घ्या. स्ट्रिप्स डिस्पोजेबल मागा. वॅक्स किती गरम आहे ते आधी छोट्या भागावर लावून बघायला सांगा. रेटिनॉलसारखी क्रीम्स लावत असाल तर त्या भागावर काही दिवस आधी बंद करा, नाहीतर केसाबरोबर सालही निघेल. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग नाहीच. गोळ्या थांबल्यावरही सहा महिने नाही. डायबिटीस असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि मुलांनो, पान उलटू नका! हळदीच्या आधी गुपचूप छाती-पाठ वॅक्स करून येणारे तुमच्यातही आहेत. वरचं सगळं तुम्हालाही लागू. जाड केसांना तर जरा जास्तच.

डॉक्टरकडे कधी जायचं?

- लाली तीन-चार दिवसांनीही कमी होत नसेल, उलट पसरत असेल
- पू, ठणका किंवा स्पर्शाला गरम लागणारी सूज असेल
- ताप आला तर त्याच दिवशी
- दर वेळी वॅक्सनंतर पुटकुळ्या येत असतील
- मेडिकलवाल्या काकांनी दिलेली ट्यूब वापरून झाली असेल तर ती सोबत घेऊनच जा, लपवू नका

हल्ली माझं गणित सोपं आहे. शनिवारी मिरवायचं असेल तर वॅक्सिंग बुधवारी. कॉटनची ढगळ पँट पिशवीत असते, परतीची लोकल गर्दी ओसरल्यावरची. गेल्या महिन्यात ताईंनी पुन्हा तेच सुरू केलं, "आज गरम पाणी घेऊ नको हं..." मी फोन पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "बोला ताई, पुढचं पण सांगा."

त्या दोन मिनिटं थांबून हसत राहिल्या. म्हणाल्या, "पुढचं ऐकायला आजवर कोणी थांबलंच नाही गं!"