मुशीची भेट

रेवसहून करंज्याला जाणारी होडी असो, नाही तर राजपुरीहून जंजिऱ्याला नेणारी शिडाची होडी असो. पाण्यावर एखादा काळा पर वर आलेला दिसला, की होडीत एकच गलका उडतो. "शार्क आला, शार्क!" बायामाणसे मुलांना पोटाशी धरतात, चारदोघे पाहायला म्हणून एकाच बाजूला धावतात आणि होडी कलते. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी धोका कोणाचा अधिक? त्या परवाल्या प्राण्याचा, की आपल्याच घाबरटपणाचा?

शार्क हे नाव परके वाटते खरे, पण तो मासा परका नाही. अलिबागच्या, मुरूडच्या, श्रीवर्धनच्या बाजारात कोळणीच्या पाटीत जी मुशी असते ना, ती शार्कच. दक्षिणेकडे, मालवणात आणि गोव्यात, तिलाच मोरी म्हणतात. आपली नेहमीची मुशी पुरती वाढली तरी हातभर, फार तर पाऊण मीटर. जवळा, कोळंबी, लहानसहान मासळी हे तिचे अन्न. बाळंतिणीला दूध यावे म्हणून जिचे कालवण आपण आवर्जून करतो, तिलाच पाण्यात पाहून भ्यावे, ही गंमतच नव्हे काय? जाळ्यातून काढताना ती बोटाला चावेल, एवढे मात्र जपावे.

बरे, होडीतून दिसलेला तो काळा पर कोणाचा? रायगडच्या किनाऱ्याजवळ तो बहुधा डॉल्फिनचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला आपल्यासारखा श्वास घ्यावा लागतो. म्हणून त्याची पाठ कमानीसारखी वर येते, फुस्स असा आवाज होतो, आणि पाठ पुन्हा खाली जाते. शार्कला श्वासासाठी वर येण्याचे कारण नाही. त्याचा पर दिसलाच, तर तो वरखाली न होता सरळ पाणी कापीत जातो, आणि मागे शेपटीचे टोक डावीउजवीकडे हलताना दिसते. डॉल्फिनची शेपटी आडवी, शार्कची उभी. शिक्षकांनी फळ्यावर दोन रेघांत हे चित्र काढून दाखवावे. मुले जन्मभर विसरणार नाहीत.

शार्कच्या अंगात हाड नाही. आपल्या कानाचा वरचा भाग दाबून पाहा. तसल्या कूर्चेचा त्याचा सारा सांगाडा. कातडी पॉलिशकागदासारखी खरखरीत. दातांच्या रांगांमागे रांगा. एक दात पडला की मागचा पुढे येतो. नाकाडावर बारीक छिद्रे असतात. दुसऱ्या प्राण्याचे स्नायू हलले की पाण्यात अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते, ती त्याला ह्या छिद्रांतून कळते. आपल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. तिथे हीच त्याची नजर. पण ह्याच गढूळपणात चूकही होते. हललेला पाय म्हणजे मासाच, असे समजून एखादा मोठा शार्क तोंड टाकतो.

हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत, पाण्यात असलेल्या एका तरुणाच्या पायाचा लचका मोठ्या शार्कने तोडला. समुद्रापासून इतक्या आत शार्क येतो कसा, असे पुष्कळांना वाटले. परंतु बुल शार्क नावाची जात खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यातही जाते, नदीमुखातून भरतीबरोबर आत शिरते. म्हणून धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री ह्या आपल्या खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांनी घाबरू नये, पण चार गोष्टी जरूर पाळाव्यात.

होडीत असाल तर जागच्या जागी बसून राहा. हातपाय पाण्यात सोडू नका. तांडेल सांगेल तसे वागा. शार्कला खाणे टाकणे, काठीने डिवचणे, हा शुद्ध अविचार.

पाण्यात उतरणार असाल, तर पहाटे आणि तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी पोहू नका. जिथे मासळी साफ करून घाण टाकतात, तिथे तर मुळीच नको. वाहती जखम असता उतरू नका. बुडी मारून मासे धरणाऱ्याने धरलेली मासळी कमरेला बांधू नये. शार्क दिसलाच, तर पाणी धपाधप उडवू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू होडीकडे किंवा काठाकडे सरका. अंगावर आलाच, तर नाकाडावर, डोळ्यांवर, कल्ल्यांवर जोराने मारा. चावा बसला, तर आधी माणसाला पाण्याबाहेर काढा, स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा, आडवे निजवा आणि तडक दवाखान्यात न्या. हळद, चुना, राख काही भरू नका.

आता प्रमाण पाहू. विनाकारण शार्क चावण्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाकाठी सरासरी सत्तरीच्या आत घडतात, आणि मृत्यू पाचसहा. उलट १ फेब्रुवारी २०१६ हा एकच दिवस आठवा. पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी त्या दिवशी मुरूडच्या समुद्रात बुडाले. तिथे शार्क नव्हता, समुद्र होता. गुरुजी, सहल किनाऱ्यावर न्याल तेव्हा आधी भरती-ओहोटीची वेळ विचारा, गावच्या कोळीबांधवांचे ऐका, आणि मुलांची मोजदाद करा. भीती योग्य जागी असावी.

शेवटी शार्कचीही बाजू ऐका. इतर मासे लाखांनी अंडी घालतात. मुशी मात्र पिलांना पोटात वाढवून थोडकीच पिले देते. मोठ्या जातींना तर वयात यायलाच कित्येक वर्षे लागतात. माणूस जगभर वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. असे चालले, तर पाटीत मुशी राहील कशी? व्हेल शार्क हा तर सर्व माशांत मोठा, बसगाडीएवढा, पण खातो पाण्यातले बारीक जीव. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. गुजरातेत त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, म्हणतात. माहेरी आलेली लेक मानून तिकडच्या मच्छीमारांनी आपली जाळी कापून असे शेकडो मासे सोडले. आपल्या महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीस सरकारने योजना काढली : संरक्षित प्राणी सोडताना जाळे कापावे लागले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. सोडतानाचे छायाचित्र घ्यावे आणि कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा. जाळे गेले तर घर कसे चालावे, ही नाखव्याची काळजी खरी आहे. म्हणून ही माहिती प्रत्येक बंदरावर पोचली पाहिजे. ज्यांना लिहितावाचता येते, त्यांनी शेजारच्या नाखव्याचा अर्ज भरून द्यावा. एवढे काम आपल्यापैकी कोणालाही जमेल, नाही का?