न हटणारे फोल्डर : आधी कारण ओळखा, मग हात घाला

पेढीवरच्या लाल वह्यांची जागा आता कॉम्प्युटरने घेतली आहे. कापडाचे नमुने, यंत्रमागाची डिझाइने, जॉबवर्कचा हिसाब, जीएसटीची बिले, सारे फोल्डरमध्ये असते. मशीन भरले की जुने फोल्डर काढावे लागतात आणि त्यातला एखादा काही केल्या हटत नाही. अशा वेळी पुष्कळ व्यापारी बंधू इंटरनेटवरून एखादा फुकटचा प्रोग्राम उतरवतात. असल्या अनोळखी प्रोग्राममधून व्हायरस घरात येतो आणि गेलेला हिसाब परत मिळत नाही. वास्तविक कॉम्प्युटर विनाकारण नकार देत नाही. कारण कळले की उपाय सोपा असतो. विंडोज १० व ११ च्या मशीनवर सहसा पुढील कारणे आढळतात.

पहिले कारण : फोल्डर वापरात असणे. कारीगर ज्या ताग्याचे माप घेत आहे, तो तागा कोणी त्याच्या हातातून ओढत नाही. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. टॅली किंवा बिलिंगचा प्रोग्राम उघडा असेल तर त्याचा डेटा फोल्डर हटणार नाही. दुकानातील मशीन एकमेकांना जोडलेली असतील, तर काउंटरवरच्या दुसऱ्या मशीनवर ती फाइल उघडी नाही ना, हेही पाहावे. सर्व प्रोग्राम बंद करावेत, मशीन रीस्टार्ट करावे आणि दुसरे काही उघडण्याआधी फोल्डर हटवावा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते. न झाल्यास स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडावा. त्यातील सीपीयू या भागात असोसिएटेड हँडल्स असे लिहिलेले दिसेल. तेथे फोल्डरचे नाव टाकले की तो कोणत्या प्रोग्रामने धरून ठेवला आहे, ते समजते.

दुसरे कारण : इजाजत नसणे. जुन्या मशीनची हार्ड डिस्क नव्या मशीनला जोडली की हा प्रश्न हमखास येतो. फोल्डरचा मालक म्हणून जुन्या मशीनवरचा यूजर नोंदलेला असतो, नवे मशीन त्याला ओळखत नाही. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मशीन चालू करावे. फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड या क्रमाने जावे आणि ओनरपुढील चेंज दाबून आपले नाव द्यावे. आतील फोल्डरही आपल्या नावे करण्याची खूण तेथेच असते. मात्र मालकाच्या जागी ट्रस्टेड इन्स्टॉलर असे नाव दिसले, तर तो फोल्डर विंडोजचा स्वतःचा आहे. त्याला हात लावू नये.

विंडोज बदलल्यावर उरणारा विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर पुष्कळ जागा अडवतो. तो डिलीट बटणाने नव्हे, डिस्क क्लीनअपमधील क्लीनअप सिस्टिम फाइल्स येथून काढावा. त्याआधी त्यातील यूजर्स हा भाग उघडून पाहावा. आपली जुनी कागदपत्रे तेथे राहिलेली असू शकतात.

तिसरे कारण : नावातील दोष. फोल्डरच्या आत फोल्डर आणि प्रत्येकाचे लांबलचक नाव, असे करत पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की विंडोज अडते. वरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची करावीत, पत्ता आखूड होतो आणि फोल्डर हटतो. कधी नावाच्या शेवटी रिकामी जागा किंवा टिंब असते. अशी नावे बहुधा दुसऱ्या प्रकारच्या मशीनवरून, उदाहरणार्थ डिझायनरच्या मॅकवरून, येतात. सीओएन, पीआरएन, एयूएक्स ही नावेही डॉसच्या काळापासून राखीव आहेत. येथे कमांड प्रॉम्प्ट लागतो. त्यात आरडी लिहून जागा सोडावी, मग उजवीकडे झुकलेली रेघ व एस लिहावे, पुन्हा जागा सोडून दुहेरी अवतरणचिन्हांत फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा. पत्त्याच्या आरंभी दोन उलट्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी रेघ जोडावी. शेवटची रिकामी जागाही अवतरणचिन्हांच्या आत आली पाहिजे. या मार्गाने हटवलेला फोल्डर रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून पत्ता दोनदा वाचावा.

चौथे कारण : डिस्क खराब होणे. फोल्डर करप्टेड असल्याचा संदेश आला, तर हटवण्याची घाई करू नये. प्रथम बाकीचा सर्व डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. त्यानंतर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील टूल्स येथून चेक करावे. असे संदेश वारंवार येऊ लागले की डिस्क बदलणेच शहाणपणाचे.

हटवलेला फोल्डर पुन्हा पुन्हा उगवत असेल, तर व्हायरसचा संशय घ्यावा. विंडोज सिक्युरिटीमध्ये ऑफलाइन स्कॅनची सोय आहे, ती मशीन बंद करून विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करते.

हे सर्व उपाय समजले म्हणजे प्रत्येक फोल्डर हटवलाच पाहिजे, असे नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिसाब सांभाळावा लागतो. २०२३-२४ चे वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत द्यायचे होते, म्हणजे त्या वर्षाची बिले व वह्या ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हव्यात. अपील चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. फोल्डरमधील उधारीची नोंद ही केवळ आपली मालमत्ता नसते. त्यात विणकराची मजुरी, दलालाची दलाली, गिऱ्हाइकाची जमा रक्कम, म्हणजे दुसऱ्याचा हक्क असतो. तो एका बटणाने पुसला गेला तर वाद झाल्यावर कोणाच्या शब्दावर फैसला करायचा? म्हणून हिसाबाचा फोल्डर हटवण्यापूर्वी त्याच्या दोन नकला काढाव्यात, एक पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी दुकानाबाहेर, घरी. नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावी. ती नीट उघडली, आकडे जुळले, तरच मूळ फोल्डर काढावा.