रिव्ह्यू खोटा, की तुमची प्रत वेगळी?

रिसर्च पेपर वाचायला लागलात की काही दिवसांतच हा प्रश्न समोर येतो. दोन पेपर, एकच पदार्थ, आणि आकडे मात्र वेगळे. विश्वास कुणावर ठेवायचा? आज याचं उत्तर एका कार्टूनपटाच्या मदतीने शोधूया.

‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ आठवतोय? युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी केलेला हा भारत-जपान चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला. टीव्हीवर पाहून एक अख्खी पिढी त्याच्या प्रेमात पडली. आता समजा, कुणीतरी त्याच्या डीव्हीडीचा रिव्ह्यू लिहिला: “पाच मिनिटं कापली आहेत, आवाज बदललेत, घेऊ नका.” लगेच चाहत्यांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, रिव्ह्यू बरोबर. दुसरा म्हणतो, याने डिस्क लावूनसुद्धा बघितलेली नाही. आपण मात्र रिव्ह्यू लिहिणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारू.

१. नेमकी कोणती प्रत?

हा चित्रपट एकच नाही. मूळ इंग्रजी आवृत्ती साधारण १३५ मिनिटांची. हिंदी डबिंगमध्ये रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज. अमेरिकेत ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने आली ती बरीच लहान केलेली आवृत्ती, तिथे निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांचं. आणि २४ जानेवारी २०२५ ला भारतात थिएटरमध्ये आली ती फोर-के प्रत, नव्या डबिंगसह. आता “आवाज बदललेत” हे वाक्य खरं की खोटं? प्रत सांगितल्याशिवाय ठरवताच येत नाही.

पेपर वाचताना हेच करा. निष्कर्षाआधी ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ वाचा. नमुना कुठला, किती शुद्ध, कोणत्या तापमानाला मोजला? हे लिहिलंच नसेल तर पेपर खोटा ठरत नाही, पण तपासता न येणारा नक्की ठरतो.

२. फरक वस्तूत आहे, की मोजमापात?

“पाच मिनिटं कापली” हे विधान मोजता येतं, म्हणून ते जास्त पक्कं वाटतं. पण थांबा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. पाल पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेम्सने चालते. त्यामुळे अनेकदा चित्रपट थोडा वेगाने चालवून डिस्कवर घेतला जातो. १३५ ला २४ ने गुणा, २५ ने भागा: १२९.६ मिनिटं. म्हणजे एकही दृश्य न कापता जवळपास साडेपाच मिनिटं कमी! वर आवाजही किंचित चढा लागतो. लिहिणाऱ्याने घड्याळ बरोबर बघितलं, फक्त कारण चुकीचं लावलं. निरीक्षण आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरंच कापलंय का हे बघायचं तर घड्याळ पुरत नाही, दोन्ही प्रती दृश्यागणिक ताडून बघाव्या लागतात.

आपल्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हे रोज घडतं. लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. १०० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट ३५ अंशांना साधारण १७ मायक्रॉनने लांब भरतो. व्हेंडरने तापलेल्या शेडमध्ये मोजला, कंपनीने एसी रूममध्ये. एकाकडे पास, दुसरीकडे रिजेक्ट. अख्खा लॉट परत येतो आणि छोट्या व्हेंडरचे पैसे अडकतात. म्हणून शहाणा क्वालिटीवाला आधी गेज, तापमान आणि मोजण्याची पद्धत तपासतो. माणसाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याची पाळी त्यानंतर.

३. साक्षीदार खरंच वेगवेगळे आहेत का?

“दहा जणांनी हेच लिहिलंय” हा पुरावा वाटतो. पण नऊ जणांनी पहिल्याचंच वाचून लिहिलं असेल तर साक्षीदार एकच. पेपरमध्येही एखादा आकडा वीस ठिकाणी सापडतो, आणि मागे मागे गेलं की सगळे एकाच जुन्या मोजणीवर येऊन थांबतात. ही साखळी शेवटपर्यंत चालत जा.

एकमताचा दुसरा सापळा आकड्यांचा आहे. समजा दोघांनी २० दृश्यं बघून प्रत्येकाला ‘चित्र छान’ किंवा ‘वाईट’ म्हटलं, आणि १६ दृश्यांवर त्यांचं जुळलं. ८० टक्के एकमत, भारी वाटतं ना? पण दोघेही १८ दृश्यांना ‘छान’च म्हणत असतील, तर न बघता शिक्के मारूनसुद्धा सरासरी ८२ टक्के जुळेल (०.९ × ०.९ + ०.१ × ०.१). म्हणजे हे एकमत योगायोगापेक्षाही कमी! जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा निर्देशांक योगायोगाचा हाच वाटा वजा करतो.

आणि “जुन्या आवाजातली मजा नव्यात नाही” याचं काय? ती आवड आहे. ती खोटी नसते, पण तिच्यावरून लिहिणाऱ्याची विश्वासार्हताही ठरत नाही. नवं डबिंग आवडणारा माणूस मिनिटं अचूक मोजू शकतो.

आता एक काम करा. लिटरेचर रिव्ह्यूसाठी वही किंवा एक्सेल उघडा आणि प्रत्येक पेपरसमोर चार रकाने करा: नमुना कोणता, मोजलं कसं, लेखकांनी अर्थ काय लावला, आकडा मुळात कुठून आला. पहिल्या दहा पेपरना वेळ लागेल, कंटाळाही येईल. पण चुकीच्या आकड्यावर प्रयोग उभा करून सहा महिने घालवण्यापेक्षा हा आठवडा स्वस्त पडतो. दोन पेपर भांडताना दिसले की आधी पहिले दोन रकाने ताडून बघा. पुष्कळदा भांडण तिथेच मिटतं. जिथे मिटत नाही, तिथे तुमच्या संशोधनाचा विषय असू शकतो.