तेलकट त्वचा, मुरुमं आणि फाउंडेशन : झाकायचं किती, जपायचं किती?

भाचीच्या निकाहला तीन आठवडे उरले होते. मी बहिणीच्या घरी पोहोचले, तर नवरी मुलगी खोलीतून बाहेरच येईना. आत जाऊन पाहिलं. दोन्ही गाल लालभडक, हनुवटीवर मुरुमं आणि त्यावर फाउंडेशनचा जाड थर. तो थर घामाने जागोजागी फाटला होता. मला बघताच तिला रडू फुटलं. "खाला, वलीम्याला मी असा चेहरा घेऊन बसू?"

हळूहळू खरी हकिकत कळली. एका मैत्रिणीने तिला गोरेपणाच्या क्रीमची डबी दिली होती. डबीवर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना घटकांची यादी. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, सगळ्यांनी तारीफ केली. क्रीम बंद केली की आग व्हायची, म्हणून ती लावतच राहिली. मुरुमं वाढली तसं फाउंडेशन वाढलं. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहताच विचारलं, "कोणती क्रीम लावत होतीस?" त्या क्रीममध्ये स्टिरॉइड असावं, असं त्यांचं मत पडलं.

अशा मुली आपल्या कितीतरी घरांत आहेत. म्हणून बहिणींनो, फाउंडेशन कसं निवडावं आणि कसं लावावं हे सांगण्याआधी त्याच्याखालच्या त्वचेबद्दल दोन शब्द.

मुरुमं मळामुळे येत नाहीत

आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना हार्मोन्समुळे त्या जास्त काम करू लागतात. तेल आणि मृत पेशी मिळून छिद्र बंद होतं, त्यात जंतू वाढतात आणि पुटकुळी सुजते. नाकावरचे काळे ठिपके हाही मळ नव्हे. छिद्रातला ऐवज हवेच्या संपर्काने काळा पडतो, इतकंच. त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा घासून काही साधत नाही, उलट त्वचेची आग होते. सौम्य फेसवॉशने दोन वेळा धुणं पुरे. वुजूचं साधं पाणी चेहऱ्याला लागतं, त्याने अपाय नाही. फक्त नंतर टॉवेलने खसाखसा पुसू नका, हलकेच टिपा.

केसांना चपचपीत तेल लावून त्यावर घट्ट स्कार्फ बांधला, तर कपाळावर बारीक पुरळ उठतं. स्कार्फ सुती असावा आणि रोज धुतलेला असावा. नकाबचं कापड हनुवटीला घासून तिथे मुरुमं येत असतील, तर तेही रोज बदलावं. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि मुरुमं हे तिन्ही एकत्र दिसत असेल, तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. ते दुखणं क्रीमने जाणारं नाही.

मुरुमांवर औषधं आहेत. सॅलिसिलिक ॲसिड, बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलीन ही त्यांतली नेहमीची नावं. पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. ॲडापॅलीनसारखी औषधं गरोदरपणात टाळतात आणि आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनी तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून निकाह ठरलेल्या मुलींनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

ती बिननावाची डबी

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडं आहेत. डॉक्टर ती ठराविक आजारावर, ठराविक दिवसांसाठी देतात. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं आणि केस वाढतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात आणि 'गोरं करणारी' म्हणून हातोहात फिरतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या काही रुग्णांच्या आजाराचं मूळ डॉक्टरांनी शोधलं, तेव्हा ते गोरेपणाच्या पारायुक्त क्रीमपर्यंत पोहोचलं. चेहऱ्यावर लावलेली वस्तू मूत्रपिंडापर्यंत जाते, हे लक्षात ठेवा. ज्या डबीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत नाही, ती कोणी परदेशातून प्रेमाने आणली तरी चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइड एकदम सोडलं की चेहरा भडकतो, त्यामुळे ते कसं सोडायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

फाउंडेशन निवडताना

तेलकट त्वचेला पातळ, पाण्यासारखं किंवा जेलसारखं फाउंडेशन मानवतं. बाटलीवर 'ऑइल-फ्री', 'मॅट' आणि 'नॉन-कॉमेडोजेनिक' हे शब्द पाहा. शेवटच्याचा अर्थ, छिद्रं बंद होण्याची शक्यता कमी. ही पक्की हमी नव्हे, म्हणून लहान बाटली घ्या आणि जबड्याच्या कडेला आठवडाभर लावून बघा. स्टिक आणि घट्ट क्रीमची फाउंडेशन्स डाग चांगले झाकतात, पण ती जड असतात. रोजच्यासाठी ती नकोत.

शेड मनगटावर बघू नका, कारण मनगट आणि चेहरा यांचा रंग वेगळा असतो. जबड्यापासून मानेकडे एक रेघ ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. जी रेघ त्वचेत विरून जाते ती तुमची शेड. मात्र पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेलकट चेहऱ्यावर बरीच फाउंडेशन्स थोड्या वेळाने गडद होतात. आणि दोन शेड उजळ घेण्याचा मोह आवरा. त्याने चेहरा गोरा दिसत नाही, राखाडी दिसतो, आणि मान वेगळीच उरते. अल्लाहने दिलेला रंग झाकायला फाउंडेशन नाही. डाग तेवढे मंद करायला ते आहे.

घटकांबाबत जागरूक असाल तर एवढं पाहा. फाउंडेशनचा रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडपासून येतो, ते खनिज आहे. लाल छटेच्या प्रसाधनांत मात्र कार्माइन (सीआय ७५४७०) असू शकतं, ते किड्यापासून काढतात.

लावण्याची पद्धत

१. हात धुवा. चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन टिपून घ्या.

२. जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावा. त्वचा तेलकट आहे म्हणून हे टाळू नका. विशेषतः मुरुमांच्या औषधाने त्वचा सुकत असेल तर ते हवंच.

३. दिवसा बाहेर जायचं असेल तर सनस्क्रीन लावून दहा मिनिटं थांबा. मुरुमांचे काळे डाग उन्हाने आणखी गडद होतात. फाउंडेशनमधल्या एसपीएफवर विसंबू नका, कारण तेवढ्या प्रमाणात आपण ते लावत नाही.

४. लाल पुटकुळीवर हिरव्या आणि तपकिरी डागावर नारिंगी करेक्टरचा ठिपका, तोही टाचणीच्या डोक्याएवढा.

५. फाउंडेशन वाटाण्याएवढं पुरतं. चेहऱ्याच्या मध्यापासून कडेकडे न्या. ओलसर करून पिळलेल्या स्पंजने थापटत लावा, घासू नका. घासलं की पुटकुळीवरचं निघून येतं आणि ती चिडते.

६. उरलेल्या डागावर तेवढ्यापुरतं कन्सीलर लावा. सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर देऊ नका.

७. कपाळ, नाक आणि हनुवटीवर पावडर दाबून लावा.

दोन-तीन तासांनी चेहरा चमकू लागला तर लगेच पावडर थापू नका. आधी टिपकागदाने तेल टिपा. फुटलेल्या, ओल्या पुटकुळीवर काहीच लावू नका. स्पंज आणि ब्रश आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. ते बहिणी-बहिणींत किंवा पार्लरमध्ये वाटून वापरू नका.

वुजूचं काय?

हा प्रश्न प्रत्येक मुलगी विचारते. वुजूत पाणी त्वचेपर्यंत पोहोचायला हवं आणि वॉटरप्रूफ फाउंडेशन तर पाणी अडवायलाच बनवलेलं असतं. सोपा उपाय म्हणजे वुजू करून मगच मेकअप करावा. वुजू गेला तर मेकअप पुसून, चेहरा धुऊन पुन्हा वुजू करावा. लग्नाच्या दिवशी नमाजच्या वेळा बघूनच मेकअपची वेळ ठरवा. रोजसाठी सहज धुतलं जाणारं हलकं फाउंडेशन किंवा नुसती पावडर बरी. बारकावे आपल्या जाणकार आलिमांना विचारावेत.

झोपण्याआधी

कितीही दमलात तरी फाउंडेशनसह झोपू नका. मिसेलर वॉटरने किंवा क्लिन्झिंग बामने आधी मेकअप सैल करून पुसा, मग फेसवॉश. लग्नघरात रात्रीचे दोन वाजले तरी ही पाच मिनिटं काढाच.

आणि भाचीचं काय झालं?

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "तीन आठवड्यांत चेहरा नितळ होणार नाही, सहा महिने धरा." बहिणीचा चेहरा उतरला. निकाह पुढे ढकलावा का, इथपर्यंत बोलणं गेलं. शेवटी भाचीनेच अम्मीला सांगितलं, की सासूबाईंना खरं काय ते कळू द्या. फोन झाला. पलीकडून उत्तर आलं, "आम्ही मुलगी पसंत केली, तिचे गाल नाही. औषध इथे आल्यावरही चालू राहील."

निकाहच्या दिवशी जाड थर नव्हता. हलकं फाउंडेशन, दोन-चार ठिकाणी कन्सीलर, वरून थोडी पावडर. जवळून पाहणाऱ्याला गालावरचे डाग दिसत होते. पण ती हसत होती, आणि तीन आठवड्यांत मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिच्या मुरुमांवरून तिला टोमणे मारू नका, 'आता स्थळं कशी येणार' असं म्हणू नका. त्या एका वाक्यामुळेच मुली बिननावाच्या डब्या उघडतात. त्यापेक्षा तिला डॉक्टरांकडे न्या. फाउंडेशन तिच्या आवडीची गोष्ट राहू द्या, तिची गरज होऊ देऊ नका.